सहाची एसटी

बोधकथेत एखादा प्राणी किंवा पक्षी लागतोच म्हणतात. या कथेत एक कबूतर आहे, पण ते सिनेमातलं. बाकी सगळी माणसं, आणि तीही नामपूरची.

नामपूरच्या स्टँडवर उभं राहून 'जिभाऊ' अशी हाक मारली तर चार जण वळून बघतात. बागलाणात हे संबोधन तेवढं सर्रास. आपले जिभाऊ मोसमकाठचे बागायतदार. डाळिंबाची बाग तेल्या रोगानं उपटावी लागली तेव्हापासून कांद्यावर आहेत. मळ्यात मोठी कांदाचाळ, चाळीपुढे ऐसपैस खळं. वय पन्नाशीच्या पुढचं. माणूस सरळ, देण्याघेण्यात चोख, आणि एकाच बाबतीत हळवा: दहावी, मार्च 1990. त्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते ॲडमिन. ग्रुपवर सकाळी फुलं, दुपारी बाजार समितीतले कांद्याचे भाव, आणि रात्री जेवणंखावणं आटोपली की जुनी गाणी, असा ठरलेला नेम.

ऑगस्ट 2024 मध्ये 'मैंने प्यार किया' पुन्हा थिएटरांत लागल्याची बातमी ग्रुपवर पडली आणि नेम मोडला. दिवसभर कांद्याचा भाव कोणी टाकला नाही. कोणी 'कयामत से कयामत तक'चं पोस्टर टाकलं, कोणी 'दिल'चं. एकानं आठवण करून दिली की अर्धाअधिक 'मैंने प्यार किया' आपलाच होता: भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धनांची, आई रीमा लागू, धमाल करायला लक्ष्मीकांत बेर्डे, आणि संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, ज्यांनी आधी दादा कोंडक्यांच्या सिनेमांना चाली दिल्या. बँकेत असलेल्या एकानं लिहिलं, "आपल्याला आईबापानं वाढवलं, पण घडवलं ते या पिक्चरांनी." त्यावर अंगठ्यांचा आणि रडक्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. जिभाऊंनी रात्री अकराला फर्मान काढलं: दिवाळीनंतर मेळावा आपल्या मळ्यात. जेवण माझ्याकडे. खळ्यात पडदा लावून 'मैंने प्यार किया' बघायचा, पहिल्यापासून.

आता या बॅचचा उन्हाळा सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सिनेमा 29 डिसेंबर 1989 ला प्रदर्शित झाला. सूरज बडजात्याचा पहिला, आणि नायक म्हणून सलमान खानचाही. तेव्हा मोठ्या शहरातून प्रिंट फिरत फिरत तालुक्याच्या गावी यायची. या पोरांच्या वाट्याला तो आला परीक्षा संपल्यावर, ऐन उन्हात, मालेगावला. मालेगाव म्हणजे सिनेमाचं वेड लागलेलं गाव. यंत्रमाग शुक्रवारी बंद, आणि बंद मागांवरचा कामगार टॉकीजच्या खिडकीवर. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासीरनं पुढे 'मालेगाव के शोले' काढला, हे ठाऊक असलेल्याला तिथल्या गर्दीची कल्पना येईल.

नामपूरहून मालेगावला जायला कारण लागायचं. कारण होतं टायपिंगचा क्लास. दहावी झालेल्या पोरानं सुटीत टायपिंग शिकावं असं तेव्हा प्रत्येक बापाला वाटे. तीसची परीक्षा पास झाला की कारकुनाची खुर्ची हलत नाही, असा हिशेब. चार पोरांनी खरोखर नाव घातलं, बाकीच्यांनी फक्त घरी सांगितलं. फीचे पैसे मिळत, एसटीच्या पासाचे मिळत. क्लास दुपारी अडीच ते पाच, आणि परतीची गाडी सहाची. सहाची एसटी चुकली की बाप स्टँडवर येणार, मग चौकशी, मग पट्टा. म्हणून शो तीनचाच.

यातला पट्टीचा गडी नाना. त्यानं तो सिनेमा किती वेळा पाहिला याचा आकडा दर मेळाव्याला वाढत जातो. पण त्याची खरी करामत वेगळी होती. ज्यांना जाता येत नसे त्यांना तो सिनेमा सांगायचा. सकाळी गल्लीतल्या लिंबाखाली पोरं जमत आणि नाना उभं राहून सुरू करी: विमानतळ, वाढदिवस, टोपी, कबुतराच्या पायाला चिठ्ठी, बागेतलं गाणं. गाण्यांना तोंडानं म्युझिक. नायिकेचं लाजणं तो असं करी की पोरं लोळत. समोरच्या अंगणात त्याच वेळी कुरडया घालणं चालू असे. आया चीक शिजवत, मुली सोऱ्यातून धोतरावर कुरडया पाडत, नाहीतर बिबड्यांवर बसणारे कावळे हाकलत. मान खाली, हात चालू, कान लिंबाकडे. कोणा मुलीची कुरडई वेडीवाकडी झाली तर आई म्हणे, "ध्यान कुठे शे तुनं?" ध्यान कुठे होतं ते गल्लीला माहीत होतं. मुली आणि मुलं बोलत मात्र नसत. वर्गात तीन वर्षं शेजारच्या बाकांवर बसून एकमेकांना हाक मारली नव्हती.

मेळावा ठरला तेव्हा पहिली अडचण तीच आली. ग्रुपवर एकही बाई नव्हती. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शाळेच्या हजेरीत त्यांची माहेरची नावं, सासरची कोणाला माहीत नाहीत. मग भावांना फोन झाले, भावांनी नंबर दिले. सात-आठ जणी यायला तयार झाल्या. एक तालुक्यातच अंगणवाडीताई. एक सुरतहून येणार, लिंबायतला राहणारी. दोघी तिघी तर नातवंडं घेऊन.

दिवाळी झाली. खळ्यात दोन बांबूंवर पांढरा पडदा ताणला. भाड्यानं प्रोजेक्टर आणला, आणि लॅपटॉपवर बसली जिभाऊंची धाकटी मुलगी. सटाण्याला अकरावीत शिकते. तिचा चेहरा जरा उतरलेला होता, कारण त्याच आठवड्यात मैत्रिणींबरोबर मालेगावला 'भूल भुलैया 3' बघायला जाण्याचा विषय जिभाऊंनी उडवून लावला होता. "मागच्या वर्षी मोहन टॉकीजात 'टायगर 3' चालू असताना लोकांनी आत फटाके फोडले, पेपरात नाही का वाचलं? काळ वाईट आहे." फटाक्यांची गोष्ट खोटी नव्हती. 2023 च्या दिवाळीत ती देशभर गाजली. पण मुलगी नाशिकला जाऊ का म्हणाली असती तरी उत्तर हेच मिळालं असतं, हे तिलाही कळत होतं.

जेवणाआधी भाषणं झाली. भाषणांशिवाय आपल्याकडे काही होत नाही. जिभाऊ फेटा बांधून उभे राहिले आणि रंगात आले. टायपिंगच्या क्लासची सगळी लबाडी त्यांनी खुलवून सांगितली. बापाकडून फी कशी घेतली, मशीनच्या शाईचे डाग मुद्दाम बोटांना कसे लावले, घरी गेल्यावर चुलत्यानं 'आज काय शिकला' विचारलं तेव्हा कोणत्या अक्षरांची नावं सांगितली. लोक हसून हसून डोळे पुसत होते. शेवटी म्हणाले, "आमचा काळच वेगळा होता."

लॅपटॉपमागून मुलगी म्हणाली, "पप्पा, टायपिंगची परीक्षा पास झाले का मग?"

खळ्यात हशा पिकला. जिभाऊही हसले, पण जरा उशिरा.

सिनेमा सुरू झाला. पुरुष खुर्च्यांवर, बाया एका अंगाला सतरंजीवर. पुरुषांचं बघणं कसं होतं सांगू? ते बघत नव्हतेच, ते स्वतःला ऐकवत होते. सलमान पडद्यावर आला की शिट्टी, प्रत्येक गाण्याला मोबाईलचे दिवे, प्रत्येक वाक्य पडद्याच्या आधी नानाच्या तोंडून. कबूतर उडालं तेव्हा तर बँकवाले खुर्चीवर उभे राहिले. सतरंजीवर मात्र गडबड नव्हती. सुरतवालीनं नातीला मांडीवर झोपवलं होतं आणि ती पडद्यावरची नजर काढत नव्हती. अंगणवाडीताईंनी पुढ्यातला चिवडा तसाच ठेवला होता.

नायिकेचे, म्हणजे सुमनचे वडील परत येतात आणि मित्राच्या घरात अपमान होऊन मुलीला घेऊन जातात, तिथं नानांनी मागं वळून बायांना सांगायला सुरुवात केली, "आता बघा, आता काय होतं..."

"नाना, थांबा," अंगणवाडीताई म्हणाल्या. "पुढचं सांगू नका."

"का? तुम्हाला काय माहीत नाही?"

"नाही. आम्ही पाहिला कुठे?"

नानांना वाटलं चेष्टा आहे. "अहो, 'मैंने प्यार किया'! सगळ्या बॅचनं पाहिलाय."

"आमले कोन जाऊ देत व्हतं?" सुरतवाली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

मुलीनं सिनेमा थांबवला. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एकेक निघालं. टीव्हीवर पाहिला नाही का? पाहिला, तुकडे पाहिले. भाकरी थापताना गाणं पाहिलं, भाकरी परतून येईतो जाहिराती. एकदा नीट बसले तर लोडशेडिंग. कॅसेट होती, गाणी सगळी पाठ, लग्नात बँडवाले तीच वाजवायचे, स्वतःच्या लग्नातही तीच वाजली. त्या बॅचमधल्या तिघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात झाली होती. टॉकीजची पायरी त्या पहिल्यांदा चढल्या 1991 च्या 'माहेरची साडी'ला. त्या सिनेमाला जाऊ देत, कारण सासवाच घेऊन जात. गावोगावच्या बाया ट्रॅक्टरमधून गेल्या, अलका कुबलसाठी पदर भिजवून आल्या. म्हणजे सोळाव्या वर्षी पोरांना मिळालं कबूतर आणि बागेतलं गाणं, आणि त्यांच्याच वर्गातल्या मुलींना अठराव्या वर्षी मिळाला सासुरवास, तोही रडण्याच्या परवानगीसकट. 'माहेरची साडी' वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यानं लाखो बायांना अंधारात मोकळेपणी रडू दिलं, हे काही थोडं काम नाही. पण सोळाव्या वर्षी माणसाला रडण्याआधी थोडं हसायला मिळायला हवं.

"काळच तसा होता, ताई," जिभाऊ म्हणाले. समजुतीच्या सुरात म्हणाले.

"काळ एकच होता जिभाऊ," अंगणवाडीताई म्हणाल्या. "एसटीपण एकच होती. आमच्या दारावरून जायची. तुम्ही खिडकीत बसलेले दिसायचे."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. अंगणवाडीत पोरांच्या वजनाची नोंद वाचून दाखवावी तसं त्या बोलल्या, आणि म्हणूनच कोणाला उत्तर सुचलं नाही. जिभाऊंनी मुलीला हातानं खूण केली, चालू कर.

पुढचा भाग खळ्यानं शांतपणे पाहिला. आणि इथं एक भलतीच गोष्ट उघडी पडली. नायक प्रेम सुमनच्या गावी येतो. तिचा बाप अट घालतो: श्रीमंत बापाचा पैसा नको, स्वतःच्या अंगमेहनतीनं महिन्याभरात दोन हजार रुपये कमावून आण. मग तो नायक ट्रक चालवतो, खाणीत दगड फोडतो. दहा ग्रॅम सोनं तीन हजारांच्या आसपास होतं तेव्हाचे हे दोन हजार. दगड फुटू लागले तशी सुरतवाली ताठ बसली.

"नाना," ती म्हणाली, "हे तर तुम्ही सांगितलंच नव्हतं."

नानांच्या गोष्टीत खाण नव्हती. नानांच्या गोष्टीत प्रेम थेट मोटारसायकलवर गावात शिरत असे, दहा जणांना लोळवत असे आणि सुमनला मागे बसवून निघत असे. बाप कोपऱ्यात हात जोडून उभा. लिंबाखाली पोरं टाळ्या वाजवत, अंगणात मुली तेच खरं धरत.

नाना गप्प. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगून टाकलं. सिनेमा तीन तासांहून मोठा. त्याआधी सरकारी न्यूजरील दाखवणं टॉकीजला सक्तीचं, मग जाहिराती, मध्ये मध्यंतर. तीनचा शो साडेसहाच्या आत सुटतच नसे. सहाची एसटी गाठायची तर पावणेसहाला उठावं लागे. जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा तिथूनच उठले. शेवट कोणीच पाहिला नव्हता. नानांनी तो घरी येता येता एसटीत रचला होता, आणि इतक्यांदा सांगितला की पुढे टीव्हीवर खरा शेवट दिसला तरी मनात आपलाच राहिला.

"तुम्ही सांगितलेला खरा धरून बसले मी," सुरतवाली म्हणाली. "मले वाटनं, कोणी मोटारसायकलवर येई आणि झालं. लग्न होऊन सुरतेला गेले. साड्यांवर टिकल्या चिकटवायचे, रात्री दिव्याखाली. पहिले दोन हजार जमले तवा मोठी पोर चालाय लागली होती." नातीच्या अंगावरची चादर नीट करत ती पुढं म्हणाली, "दगडाचं आधी कळायला पाहिजे होतं. नवऱ्यालाबी दाखवला असता."

यावर बाया हसल्या. पुरुषांना हसावं की नाही ते कळेना. सिनेमा संपला तेव्हा शिट्टी वाजली ती सतरंजीवरून. कोणी वाजवली ते अजून ग्रुपवर कबूल झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिभाऊ चाळीतला कांदा निवडत बसले होते. सडका वेगळा, कोंब आलेला वेगळा. मुलगी चहा घेऊन आली. तिनं पुन्हा काही विचारलं नव्हतं. जिभाऊंनीच विचारलं, "तो भुलभुलैया उतरला का मालेगावहून?"

"आहे अजून."

"मैत्रिणी कोण कोण?"

तिनं चार नावं सांगितली. चौघींचे बाप जिभाऊंच्या ओळखीचे निघाले, त्यातला एक तर टायपिंगच्या क्लासचाच.

"मग जा उद्या. सहाच्या एसटीनं माघारी ये."

मुलगी कप हातात घेऊन तिथंच उभी राहिली. "पप्पा, शो तीनचा आहे. सहाची धरायची तर शेवट सोडावा लागेल."

जिभाऊंनी हातातला कांदा कुठल्या ढिगात टाकायचा याचा विचार केल्यासारखं केलं. "सातच्या गाडीनं ये," ते म्हणाले. "मी स्टँडवर येईन. चौकशीला नाही, न्यायला."

ग्रुपवर आता बाया आहेत आणि ॲडमिन दोन आहेत. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस शेख नासीर आणि त्याच्या दोस्तांवरचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' लागला, तेव्हा त्यांच्यातल्या पाच जणी जिभाऊंच्या मुलीला घेऊन नाशिकला जाऊन आल्या. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा असाही उपयोग होतो. पुरुषांना बोलावलं नव्हतं. रात्री नानांनी ग्रुपवर विचारलं, "काय दाखवलंय? शेवट कसा?" अंगणवाडीताईंनी उत्तर टाकलं: "सांगणार नाही, जाऊन बघा. चांगला आहे, पण हाही पोरांचाच."

मे महिना आला की गावोगावच्या दहावीच्या बॅचा मेळावे भरवतात, फेटे बांधतात, हल्ली पडदाही लावतात. तुम्हीही लावणार असाल तर एक करा. कोणता सिनेमा 'आपल्या सगळ्यांचा' होता हे परस्पर ठरवू नका. वर्गातल्या मुलींचे नंबर त्यांच्या भावांकडून मिळतील. त्यांना विचारा, त्या वर्षी तुमचा कोणता राहिला. यादी मोठी निघेल. पडदा एका रात्रीसाठी भाड्यानं आणू नका.